नंदिनी५२

सहा लाखांतून तीस टक्के कर गेला की चार लाख वीस हजार उरतात. त्यातले चार लाख मुजावर डॉक्टरांच्या लॅबमधल्या भागीदारीला आणि वरचे वीस हजार पेढे, नवे बूट आणि मित्रांच्या जेवणाला, असा कौस्तुभ भावजींचा हिशोब होता. माझा त्याहून सोपा होता. लॅबच्या वर भागीदाराला राहायला खोली होती. भावजी तिकडे गेले की आमच्याकडची जिन्याकडे दार असलेली खोली मोकळी होणार होती, आणि त्या दारावर माझ्या नावाची, माझ्या स्वतःच्या ऑफिसची पाटी लागणार होती. म्हणून त्या मंगळवारी सकाळी मोबाइल बघता बघता भावजींचा चेहरा उतरला, तेव्हा उपम्याचा चमचा खाली ठेवला तो मी.

"वहिनी, हे वाचा." त्यांनी मोबाइल माझ्या ताटलीशेजारी सरकवला. "मनात वाचा."

मी मोठ्याने वाचलं. मनात वाचलेल्या गोष्टीचा आमच्या घरात जास्त बोभाटा होतो.

मेल इंग्रजीत होता आणि अदब अशी, की लग्नाची पत्रिका वाटावी. रविवारच्या पोकर स्पर्धेत आपण नऊशे जणांत पहिले आलात, अभिनंदन. मात्र शेवटच्या टेबलावर आपल्याच घरच्या वायफायवरून 'नंदिनी५२' नावाचं आणखी एक खातं खेळत होतं आणि ते तिसरं आलं. या खात्याने आपण समोर असताना एकोणीस वेळा पानं टाकून दिली. त्यातल्या सहा वेळा त्याच पानांवर डाव जिंकता आला असता. खातं वेगळ्या पॅन क्रमांकावर आहे, कागदपत्रं तपासलेली आहेत, नाव आम्ही सांगू शकत नाही. सात दिवसांत खुलासा करावा. तोवर दोन्ही बक्षिसं रोखली आहेत.

"म्हणजे काय झालं?" शरयूआत्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं. हातात मेथीची जुडी होती.

"म्हणजे घरातलंच कुणीतरी मला मुद्दाम जिंकू देत होतं," भावजी म्हणाले. "आणि कंपनीला वाटतंय, आम्ही दोघांनी मिळून बाकीच्यांना फसवलं."

"बरं मग," आत्या म्हणाल्या, "जिंकू दिलं तर वाईट काय केलं?" आणि मेथी निवडायला लागल्या.

आम्ही गुळवणी, मिरजेतले, चार माणसं. सलील माझा नवरा, शेतीच्या पंपांच्या कंपनीत विक्रीला. कौस्तुभ त्याचा धाकटा भाऊ, रक्त-लघवी तपासणारा टेक्निशियन, दुसऱ्याच्या लॅबमध्ये आठ वर्षं घासलेला. शरयूआत्या माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्न केलं नाही, बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आणि सासू-सासरे एकापाठोपाठ गेल्यावर या दोन पोरांना त्यांनीच मोठं केलं. चौथी मी, वैजयंती. एका करसल्लागाराच्या ऑफिसात लोकांची विवरणपत्रं भरायचे आणि घरातल्या सगळ्यांचीही भरायचे. कुणाकडे किती आहे हे कागदावर बघून कळायची सवय लागली की माणसाच्या तोंडाकडे बघायची सवय सुटते. ही माझी चूक पुढे मला फार महागात पडली.

त्या काळी ते पैशांचे पत्त्यांचे ॲप गल्लोगल्ली होते. आता बंद झाले. सलील आणि भावजी दोघंही खेळायचे, पण त्यांच्यात करार होता: एका टेबलावर दोघांनी कधी बसायचं नाही. कंपनीचा नियमच होता तसा. एका घरातले दोघं एका टेबलावर दिसले की संशय.

"दादा, रविवारी तू कुठं होतास?" भावजींनी विचारलं.

"कोल्हापूरला. डीलरची मीटिंग."

"रविवारी?"

"डीलरला वार असतो का?" सलील उठून हात धुवायला गेला. त्याने उपमा अर्धा टाकला होता. सलील अन्न टाकत नाही.

भावजी माझ्याकडे वळले. "तुम्ही हिशोबाच्या माणूस आहात, वहिनी. बघा हं. दादाचं पॅन त्याच्या खात्याला लागलंय, माझं माझ्या. एका पॅनवर दुसरं खातं उघडत नाही. घरात पॅन उरली किती?"

"दोन. माझं आणि आत्यांचं."

"आणि दोन्हीच्या झेरॉक्स कुणाच्या फाइलमध्ये असतात?"

"तुमचं म्हणणं, मी खेळले?"

"मी कुठं म्हणालो? मी नुसती बेरीज केली."

आत्या आतून म्हणाल्या, "अरे, तिला रविवारीसुद्धा ऑफिस होतं. तिला पत्त्यातला राजा आणि गुलाम वेगळा ओळखता येत नाही."

"तुझं पॅन कुणी मागितलं होतं का गं, आत्या?"

"माझं? ते वैजूच्याच फाइलमध्ये असेल की."

एकाच दमात माझी बाजू घेऊन त्यांनी मला परत पिंजऱ्यात उभं केलं. त्या वेळी मला ते दिसलं नाही.

सप्टेंबरची तीस तारीख ही मुजावर डॉक्टरांनी दिलेली मुदत. चार लाख आणले तर भागीदार, नाहीतर सांगलीचा एक टेक्निशियन चेकबुक घेऊन तयार. भावजी चौतिशीला आले होते. पुन्हा असा डॉक्टर आणि अशी जागा मिळाली नसती.

मी त्या दिवशी ऑफिसात बसून आधी स्वतःचे, मग आत्यांचे कर कापल्याचे तपशील काढून बघितले. जुगारात, स्पर्धेत एका वेळी दहा हजारांच्या वर जिंकलं की कर कापला जातो आणि तो इथे दिसतो. माझा कागद कोरा होता. आत्यांचा त्याहून कोरा: पेन्शन आणि पोस्टातलं व्याज. म्हणजे खातं नवं असणार, कुणीतरी या स्पर्धेपुरतं उघडलेलं. फाइलमधून आत्यांच्या पॅनची झेरॉक्स काढून घेणं कुणाला सोपं होतं? जो माणूस माझ्या कपाटाच्या किल्लीशेजारी झोपतो त्याला.

संध्याकाळी मी सलीलला गच्चीवर कपडे काढायला घेऊन गेले.

"डीलरचं नाव काय?" मी विचारलं.

"कुठल्या?"

"कोल्हापूरच्या. रविवारच्या."

त्याने चादरीचं एक टोक धरलं, दुसरं माझ्याकडे दिलं. घडी घालताना माणसाला समोरासमोर यावंच लागतं.

"कोल्हापूरला गेलो नव्हतो."

"मग नंदिनी तू."

"अगं नाही! मी सुहासच्या घरी होतो. दुसऱ्या ॲपवर खेळलो. इथं खेळलो असतो तर तू..." तो थांबला.

"किती?"

"बावीस."

"शे?"

"हजार."

मी चादरीची घडी पूर्ण केली. नवरा निर्दोष निघाला आणि त्या निर्दोषपणाचे माझे बावीस हजार गेले. खरं सांगते, तो गुन्हेगार निघाला असता तर स्वस्तात पडलं असतं.

"सुहासला विचार हवं तर," तो म्हणाला.

"विचारलं. दुपारीच. तो म्हणाला, अठरा."

"वरचे चार मी नंतर त्याच्याकडूनच उसने... जाऊ दे."

तेव्हा उरलं कोण? सलीलचा संशय भावजींवरच होता. त्याच्या मते आत्यांच्या टॅबवर भावजींनी दुसरं खातं उघडलं आणि दोन्ही हातांनी स्वतःच खेळले. आत्यांचा टॅब म्हणजे सलीलनेच वाढदिवसाला घेऊन दिलेला. त्यावर त्या दुपारी कानात बोंडं घालून कीर्तन ऐकत पडायच्या. भावजींचा संशय माझ्यावर. बुधवारी त्यांनी स्वतःच्या कागदांची फाइल माझ्या कपाटातून काढून नेली आणि मला सांगायलाही विसरले नाहीत. आठ वर्षं या माणसाचं विवरणपत्र मी फुकट भरत होते.

मग मला सुचलं ते असं. पानं टाकायची एकेकाची सवय असते. मेलमध्ये लिहिलंय, जिंकणारी पानं सहा वेळा टाकली. ज्याला ती सवय आहे तो समोर बसवला तर पुन्हा टाकेल.

"गुरुवारी सगळे घरी असतो," मी म्हटलं. "मला शिकवा तुमचा हा खेळ. ज्याचा आरोप माझ्यावर आहे तो गुन्हा निदान कळू तरी दे."

"आता? या वेळी?" सलील.

"शिकवू की," भावजी म्हणाले, माझ्याकडे रोखून बघत. त्यांनाही माझा हात बघायचा होताच.

जेवणाच्या टेबलावर चौघं बसलो. चौथी जागा भरायला आत्यांना ओढून आणलं. "मला कशाला, मला आपली तीन पत्ती येते," म्हणत त्या चष्मा पुसून बसल्या. पैसे नाहीत, शर्टाची बटणं घेतली, प्रत्येकाला चाळीस. भावजींनी खेळ सांगितला. दोन पानं ज्याची त्याच्या हातात, पाच सगळ्यांची मिळून टेबलावर. आपली दोन आणि ती पाच यांतून ज्याचा डाव चांगला जमेल त्याची बटणं. पटत नसेल तर पानं पालथी टाकून बाहेर पडायचं.

"पानं गोळा करायचं काम माझं," मी म्हटलं. "मला तेवढंच येईल."

टाकलेली पानं उचलताना ती कुणालाही न कळता बघता येतात. टाकणाऱ्याला वाटतं, पालथी आहेत.

तासभर खेळलो. सलील प्रत्येक डावात उतरायचा. बावीस हजार कसे गेले ते मला बटणांवर समजलं. भावजी शांत, मोजून खेळणारे. आणि आत्या? एकदा भावजींनी पाच बटणं लावली. आत्यांनी पानं टाकली. मी उचलली: दोन एक्के. मला वाटलं, बिचाऱ्यांना कळत नाही. पुढच्या डावात सलीलसमोर पुन्हा टाकली: दोन राण्या, आणि तिसरी राणी टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. इतकं न कळणारं माणूस नसतं.

मग एका डावात दोघं भाऊ आधीच बाहेर पडले आणि आत्या आणि मी उरलो. माझ्याकडे राजांची जोडी होती. पहिल्यांदाच चांगलं काही आलं होतं.

"दहा," मी म्हटलं.

आत्यांनी टेबलाकडे बघितलं नाही, पानांकडे बघितलं नाही, माझ्या गळ्याकडे बघितलं. मग सगळी बटणं दोन्ही हातांनी पुढे लोटली.

"सगळी," त्या म्हणाल्या.

मला घाम फुटला. शर्टाच्या बटणांपायी! तरी मी पानं टाकून दिली. आत्यांनीही आपली टाकली आणि बटणं ओढून घेतली. मी पानं उचलली: सत्ती आणि दुर्री. काहीच नाही.

पुढच्या अर्ध्या तासात माझी चाळीसच्या चाळीस बटणं त्यांच्यासमोर गेली. दोन्ही भावांचं एक बटण त्यांनी घेतलं नाही.

"आत्याचं नशीब जोरात आहे," सलील म्हणाला.

"नवशिकी आहे रे," आत्या म्हणाल्या, "नवशिक्याला पानं येतात."

शुक्रवारी दोघं भाऊ बाहेर पडल्यावर मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं. आत्या गॅलरीतल्या आरामखुर्चीत होत्या, टॅब मांडीवर, बोंडं कानात. मी बोंडं काढली.

"नंदिनी कोण?"

त्यांनी टॅब पालथा घातला. "एक्स्चेंजमध्ये माझ्याशेजारी बसायची. पंचवीस वर्षं. वारली ती. तिचं नाव घेतलं."

"आणि बावन्न?"

"पत्ते किती असतात?"

मी स्टूल ओढून बसले. एवढा सरळ कबुलीजबाब मला ऑफिसात कुणी दिला नव्हता.

"किती दिवस खेळताय?"

"दोन वर्षं झाली. दुपारी माणसाने करायचं काय? कीर्तनं सगळी ऐकून झाली."

"पण कागदावर काहीच नाही. मी बघितलं."

"तू बघशील म्हणूनच." त्या पहिल्यांदा हसल्या. "छोट्या टेबलावर बसायचं. दहा हजारांच्या आत जिंकलं की उठायचं. कर कापला तर तुझ्या कागदावर येतं, नाही का? ते मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. तू फोनवर कुणालातरी सांगत होतीस."

"मग या मोठ्या स्पर्धेत कशाला उतरलात?"

"चार लाख हवे होते ना त्याला. मला काय माहीत, तोही उतरलाय! शेवटचे नऊ उरले आणि बघते तर हा. याचं खेळातलं नाव मला ठाऊक होतं, खोलीत ओरडत असतो. मग काय करू? त्याच्यावर डाव लावू? पोराच्या तोंडचं काढून घेऊ?"

"बाकीच्यांचं घेत होतात की."

"बाकीचे म्हणजे परके." त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. "अगं, दिवाळीत आमच्या चाळीत तीन पत्ती बसायची. बारा-पंधरा माणसं. दादा-वहिनी, म्हणजे तुझे सासू-सासरे, आणि मी, एका घरचे तिघं. फिरत फिरत घरचेच दोघं उरले की एकाने पॅक व्हायचं, पानं टाकायची. एकमेकांवर चढवत कोण बसतं? समोरचे कुलकर्णी नवरा-बायको पण तसंच करायचे. तो काय गुन्हा?"

"आणि मी?" मी विचारलं. "काल माझी चाळीस बटणं घेतलीत. त्यांचं एकही नाही."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायचं की नाही, हे त्यांनी तेवढ्यात ठरवलं असावं.

"तुला माहेर आहे," त्या म्हणाल्या. "त्या दोघांना मीच आहे."

नऊ वर्षं मी त्या घरात होते. सणाला पहिला नैवेद्य मी वाढायचे. त्यांच्या वहीत माझं नाव कुठल्या बाजूला आहे ते मला शर्टाच्या बटणांनी सांगितलं.

राग गिळला, कारण खोली हवी होती. मी म्हटलं, खुलासा द्यायला हवा. तुम्ही लिहा, की खातं माझं, भाच्याला काही माहीत नव्हतं. त्याचा दोष नाही, मग त्याचं बक्षीस सुटेल.

"माझं नाव पोरांना कळता कामा नये."

"कंपनी नाव सांगत नाही, मेलमध्येच लिहिलंय."

"मग लिही तू. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

मी लिहिलं. आजवर सरकारला शेकडो खुलासे लिहिले होते, आणि त्या कामाचा मला गर्व होता. आत्यांचं वय, एकटेपण, भाच्याचं अजाणतेपण सगळं घातलं. आणि शेवटी, स्वतःवर खूश होऊन, हे वाक्य: आमच्या घरात सणाच्या खेळातही घरचे दोघं उरले की एकमेकांविरुद्ध न खेळण्याची पद्धत आहे, त्याच सवयीने हे घडलं, यात कपट नाही. वाचताना आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "किती बरोबर लिहिलंस गं."

सव्वीस तारखेला निर्णय आला. भावजी लॅबमधून धावत घरी आले, चप्पल न काढता.

"दुसऱ्या खातेदाराने लेखी मान्य केलंय," त्यांनी वाचून दाखवलं, "की एका घरातले दोन खेळाडू एकमेकांविरुद्ध न खेळण्याची त्यांची जुनी पद्धत आहे. नियमांत यालाच संगनमत म्हणतात. दोन्ही बक्षिसं जप्त. दोन्ही खाती कायमची बंद. रक्कम टेबलावरच्या उरलेल्या सात जणांत वाटण्यात येईल." त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "लेखी. बरं का, दादा? लेखी मान्य केलंय. आपल्या घरात लेखी काम कोण करतं?"

सलीलने माझ्याकडे बघितलं. मी आत्यांकडे बघितलं. आत्या कणीक मळत होत्या.

"वहिनी, खोली हवी होती तर तोंडाने मागायची होती," भावजी म्हणाले.

"खोली हवी होती म्हणून तुमचे पैसे घालवीन? तुम्हीच बेरीज करा की आता."

"बेरीज होत नाही, म्हणूनच विचारतोय."

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. पण आत्या म्हणाल्या, "कौस्तुभ, आधी चप्पल काढ. वैजू, दळण आणायचंय, चल जरा माझ्याबरोबर."

गिरणीत गेलोच नाही. खाली बागेतल्या बाकावर बसलो. पिठाचा रिकामा डबा आमच्या दोघींच्या मध्ये.

"अडीच लाख माझे पोस्टात आहेत," आत्या म्हणाल्या. "दोन वर्षांतले. ते मी उद्या काढते."

"चांगलं आहे."

"दीड तू घाल."

मी हसले. "माझ्याकडे दीड लाख कुठून येणार, आत्या? तुमच्या भाच्याने परवाच बावीस उडवले."

त्यांनी डब्याचं झाकण उघडून आत बघितलं, परत लावलं. मग माझ्या गळ्याकडे बघत म्हणाल्या, "कुणाचातरी फोन येतो, की तू गॅलरीत जातेस. दार लावून घेतेस. महिन्यातून एकदा तरी. सलीलला विचारू का मी, कुणाचा असतो?"

पतसंस्थेच्या पिग्मी एजंटचा असायचा. ऑफिसात रोज पन्नास-शंभर देत सहा वर्षांत एक लाख बहात्तर हजार झाले होते. टेबल, संगणक, कपाट, पाटी: माझ्या ऑफिसचे पैसे. सलीलला कळले असते तर ते सुहासच्या घरी, एका रविवारी, संपले असते. आणि ही बाई बत्तीस वर्षं लोकांचं बोलणं कानात घेऊन बसलेली. हिने गॅलरीच्या दाराआडून रक्कमसुद्धा ऐकली असणार.

"आणि एक," त्या म्हणाल्या. "नंदिनीचं बोलायचं नाही. त्यांना वाटतंय ते वाटू दे."

"म्हणजे चोर मी?"

"तुला माहेर आहे," त्या पुन्हा म्हणाल्या, पण या वेळी खाली बघून.

मी टाकली पानं. तीस तारखेला सकाळी चार लाखांचा डीडी मुजावर डॉक्टरांच्या टेबलावर होता. भावजींना सांगितलं, आत्यांचा फंड होता, त्यातले आहेत. भावजी आत्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले. मी चहा ठेवला.

खोली मिळाली. त्यात बसायला टेबल घ्यायला मला आणखी अडीच वर्षं लागली.

गेल्या वर्षी आत्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, दिवसभर पडून राहायचं, बोलायला मीच. मी माझ्या त्याच ऑफिसच्या खोलीत त्यांची कॉट घातली होती. विषयातून विषय निघाला.

"एक विचारू? तुम्हाला त्या पतसंस्थेचं कळलं कसं? एजंट तर ऑफिसात यायचा."

"कुठली पतसंस्था?"

मी हातातला ड्रॉप खाली ठेवला.

"आत्या, ते बागेत. गॅलरीतला फोन."

"हां, तो." त्या आठवून हसल्या. "मला काय ठाऊक कुणाचा होता! मला वाटलं, तुझ्या भावाला पैसे पाठवतेस की काय. काहीतरी असेल म्हणून बोलले. दार लावून बोलणाऱ्या माणसाकडे काहीतरी असतंच. तुझ्या गळ्याची शीर उडते गं, घाबरलीस की. त्या बटणांच्या वेळी बघितली होती."

"मी नाही म्हटलं असतं तर?"

"मग मी काय, सत्ती आणि दुर्री घेऊन बसले असते." त्यांनी डोळा वर केला. "थेंब घाल. उन्हं उतरायला आली."

मी थेंब घातले.

आता ताळेबंद मांडते, कारण तो आमच्या घरात कुणी मांडलेला नाही. त्या टेबलावरच्या सात जणांना कंपनीने दोन्ही बक्षिसं वाटली. आत्यांच्या चाळीतल्या दिवाळीपायी ते फसले होते, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही. सलीलचे बावीस हजार गेले, सुहासला परत करायचे चार त्यात धरून. आत्यांचे पोस्टातले अडीच लाख आणि बंद झालेल्या खात्यातले एकतीस हजार गेले. ते दोन वर्षं अनोळखी लोकांकडून दुपारी दुपारी आले होते, तरी भरले आत्यांनीच. माझे दीड लाख गेले, अडीच वर्षं गेली, आणि भावजींच्या फाइल्स आज सांगलीचा एक सीए बघतो, दर वर्षी सहा हजार घेतो.

कौस्तुभ भावजींनी भरली ती फक्त स्पर्धेची फी. अकराशे रुपये.